कोरी पिशवी

"ताई, मला भूक लागलीय."

वहिनी असं म्हणाली आणि मी भर रस्त्यात थबकले. मागून येणारा सायकलवाला घंटी बडवत, मला दोन शब्द सुनावत निघून गेला. जाईना का! गेल्या दीड महिन्यात हे वाक्य आमच्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. वहिनीला तिसरा महिना, आणि पोटात घोटभर पाणीही ठरत नव्हतं. भात शिजायला लागला की ती नाक दाबून गच्चीवर पळायची. दहा मिनिटांपूर्वीच डॉक्टरीणबाईंनी तिचं वजन बघून स्पष्ट सांगितलं होतं, "उद्या सकाळपर्यंत काही टिकलं नाही, तर दाखल व्हावं लागेल."

"काय खाशील? बोल, काय वाट्टेल ते सांग!"

तिने समोर बोट दाखवलं. पत्र्याची खानावळ, चार बाकडी, दिवसभरात एकच पदार्थ, तो म्हणजे करी-भात. इतका स्वस्त की दुपारी अख्खा बाजार तिथेच लोटतो. आणि ही बाई त्या रश्श्याचा वास डोळे मिटून, छाती भरून घेत होती!

पार्सल मिळणार नाही, अशी दाराशीच पाटी. म्हणजे तिथेच बसून खायचं, रांगेला पर्याय नाही. पण रांग कुठली, नुसती झुंबड. मी बारा वर्षं बसची कंडक्टर आहे. आज सुट्टी होती, पण माझ्या गळ्याला सुट्टी माहीत नाही.

"अहो, दारात काय उभे राहताय? पुढे सरका, पुढे जागा आहे! एकामागे एक!"

सगळे निमूट सरकले. दोन मिनिटांत रांग अशी सरळ झाली की माझं मलाच कौतुक वाटलं. मग लक्षात आलं. कंडक्टर सगळ्यांना आत घेऊन शेवटी चढतो. मी अख्खा बाजार आत घेतला होता, आणि आम्ही दोघी दारात, सगळ्यांच्या मागे!

मी कपाळावर हात मारला.  वहिनी तशी बोलतच नाही. लग्नाला तीन वर्षं झाली, कधी ताटात दुसऱ्यांदा भात मागितला नाही, की कधी कशाला नाही म्हटलं नाही. मला तो तोरा वाटायचा. त्यामुळे आमचं तसं बेताचंच जमायचं.

पुढे अकरा जण होते. मग आठ. मग पाच. आणि पातेल्यात डाव खडखडायला लागला.  पुढे फक्त एक रंगारी उरला, केसांत पांढरे शिंतोडे, हातात बादली. मालकाने पातेलं तिरपं केलं, एक थाळी भरली आणि डाव उपडा ठेवला.

"भात संपला. रस्सा आहे, ब्रेडबरोबर देतो."

मी भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. भांडणार काय, कपाळ? त्या माणसाला मीच हाताला धरून पुढे केलं होतं.

तेवढ्यात वहिनीने दोन्ही हातांनी थाळीची दुसरी कड धरली.

"भाऊ, ही मला द्या." आवाज हळू, पण पकड घट्ट. "दीड महिना पोटात काही ठरलं नाहीये. आत्ता भूक लागलीय. ही गेली तर परत कधी लागेल, मला माहीत नाही."

रंगारी तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने थाळी सोडली. "घ्या ताई, घ्या. मला ब्रेड चालतो."

आम्ही बाकड्यावर बसलो. बसमध्ये प्रवाशांसाठी लागते म्हणून माझ्या पर्समध्ये प्लास्टिकची पिशवी असतेच. ती उघडून मी तिच्या हनुवटीपाशी धरली. पहिला घास. गेला! दुसरा. गेला! रस्सा मनगटावर ओघळत होता, नाकावर घाम आला होता, आणि ती खात होती. अर्ध्या थाळीवर ती एकदम थांबली. मी पिशवी वर केली. समोर रंगाऱ्याने ब्रेड हातातच धरून ठेवला.

वहिनीने ढेकर दिला. असा दणदणीत, की मालकसुद्धा वळून बघायला लागला. रंगारी खो खो हसला आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या.

पुढचा अर्धा तास मी भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि तिच्या चेहऱ्याकडे आळीपाळीने बघत बसले. काही झालं नाही. काहीच नाही! मग ती उठून मालकापाशी गेली.

"थोडासुद्धा भात नाही का?"

"तळाला खरवड आहे. पण ती माझी. वीस वर्षं मी तीच खातो."

वहिनी जागची हलली नाही. मालकाने तिच्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. "डबा आहे का?"

डबा कुठला! मी हातातली कोरी पिशवी पुढे केली. त्याने ती कुरकुरीत खरवड सगळीच्या सगळी काढून भरली आणि स्वतःच्या हाताने गाठ मारली.

रस्त्याला लागल्यावर मला माझं पोट आठवलं. मीही सकाळपासून उपाशीच होते.

"वहिनी, एक तुकडा दे ना."

"नाही," ती म्हणाली, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

मला इतका आनंद झाला, की हसता हसता डोळे पुसायला रुमाल सापडेना.