विजेचा डाग पुसणारी चकरी

मी एक जुनी कॉइल आहे. जुनी म्हटलं म्हणून मोडकी समजू नका, मित्रांनो. माझी तांब्याची तार अजून एका ठिकाणीही तुटलेली नाही. आजच्या वस्तूंनी असं बोलून दाखवावं!

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीने पातेल्याभोवती शेकडो वेढे देऊन मला घडवलं. पातेलं त्याच्या आईचं. ती कडाडली, "पोचा आला तर दूध तुझ्या टीव्हीत तापवीन!" पोचा आला नाही. मिस्त्रीने मला काळी पट्टी गुंडाळली, बटण बसवलं आणि नाव ठेवलं, चकरी.

त्या काळचे टीव्ही पेटीएवढे असत. मागच्या नळीतून विजेचा भार असलेले इवलेसे कण सुटत आणि काचेवरच्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांवर नेमके आदळत. पण जवळ वीज कोसळली, की तिच्याभोवती क्षणभर जबरदस्त चुंबकत्व उठतं. वीज निघून जाते, काचेमागच्या लोखंडी जाळीला मात्र चुंबक करून जाते. मग सरळ जाणारे कण वळतात. लालवर पडायचा तो हिरव्यावर, आणि चित्रावर भलत्याच रंगाचा डाग उमटतो. कणांना बोल लावू नका, चुंबकापाशी वळणं हा त्यांचा स्वभावच आहे. जाळीचं ते चुंबकत्व मी काढते. टीव्हीच्या पोटात माझी एक धाकटी बहीण असते, पण मोठ्या डागापुढे तिची मात्रा चालत नाही.

मिस्त्री वारला. वर्षभर मी खिळ्यावर धूळ खात राहिले. त्याची बायको म्हणाली, "दुकान मी चालवते." धाकटा दीर नवं कुलूप घेऊनच आला होता. "एक टीव्ही नीट करून दाखवा, वहिनी. नाही तर उद्यापासून हे लागलं."

त्याच दुपारी समोरच्या पाण्याच्या टाकीवर वीज पडली. शेजारचा न्हावी धावत आला. "बातम्या देणारी बाई अर्धी हिरवी, अर्धी जांभळी झालीय! गिऱ्हाईक मान वळवून तिलाच बघतंय. माझा वस्तरा चुकला म्हणजे?"

न्हाव्याच्या खुर्चीत जे घडतं ते संध्याकाळपर्यंत रस्ताभर होतं. मिस्त्रीच्या बायकोने, म्हणजे आमच्या सूनबाईने, मला खिळ्यावरून काढलं. ती मला घेऊन न्हाव्याकडे गेली, पण दिराने मला तिच्या हातातून ओढलं. काचेला चिकटवून दोन फेरे मारले आणि तिथेच बटण सोडलं. झालं! बाईच्या तोंडाचं पार वांगं झालं.

"ट्यूब गेली," तो म्हणाला.

दारात मिस्त्रीची आई उभी होती. अक्षरओळख बेताची, पण लेकाला जेवायला हाक मारायला येताना तिने वीस वर्षं डोळे उघडे ठेवले होते.

"ट्यूब नाही गेली, तुझी अक्कल गेली. पोरी, चकरी घे. गोल फिरव. आता फिरवत फिरवत मागे ये. बटण सोडू नकोस!"

"आई, मागे जागा कुठाय?"

"रस्ता आहे की."

सासूचं सांगणं बरोबर होतं. माझ्यातली वीज सारखी दिशा बदलते. मी हळूहळू दूर गेले तर माझी ओढ विरत जाते आणि जाळी सगळं विसरते. जवळच बटण सोडलं तर नवा डाग पडतो.

सूनबाई मागे सरकू लागली. तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक उठून माझी वायर मोकळी करत राहिलं. उंबरठा आला, पायरी आली. सासूने तिच्या पाठीवर हात टेकला आणि तिच्याबरोबर एकेक पाऊल मागे घेतलं. काचेवरचे रंगांचे भोवरे निवत गेले. मी तापले होते, पण दम धरला.

रस्त्याच्या मध्यावर सासू म्हणाली, "आता."

बटण सुटलं. बातम्या देणारी बाई माणसासारखी दिसू लागली.

"पहिल्यापेक्षा तरतरीत झाली!" न्हावी ओरडला. दीर कुलूप खिशात घालू लागला, तेव्हा म्हातारी म्हणाली, "ते इथेच ठेव. दुकान बंद करताना सुनेला लागेल."

आता टीव्ही चपटे झाले. त्यांत ती जाळी नाही, मला काम नाही. सूनबाई पंखे आणि पंप दुरुस्त करते. दर आठवड्याला मात्र मला पुसून परत खिळ्यावर लावते. मिस्त्रीचे, त्या पातेल्याचे आणि या दोघींचे उपकार मी कसे फेडू?

मित्रांनो, जुन्या हत्यारांना धूळ खाऊ देऊ नका, आणि ती कशी धरायची हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारायला लाजू नका. कुणाचा डाग काढायला गेलात तर घाईने हात सोडू नका. आणि मागे सरताना तुमच्या पाठीवर कुणाचा हात होता, ते लक्षात ठेवा.