एका दिवसाची खुर्ची

ओडेसाबाईंनी पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. गव्हर्नर मुलीच्या लग्नासाठी शेजारच्या राज्यात गेले होते. ते राज्याच्या हद्दीत परतेपर्यंत कायद्याने गव्हर्नरची खुर्ची ओडेसाबाईंची, कारण सिनेटमध्ये त्या सगळ्यात ज्येष्ठ. खिडकीखाली त्यांच्याच सन्मानाचं जेवण मांडलं जात होतं. निखाऱ्यांवर भाजणाऱ्या मांसाचा धूर वरपर्यंत येत होता.

समोर व्हर्लीन बसली होती, पर्स पोटाशी घट्ट धरून. चर्चमध्ये दोघी एकाच बाकावरून गायच्या. आज संध्याकाळी तुरुंगात तिच्या नातवाला देहदंडाची विषाची सुई द्यायची होती.

“माफी मागत नाही गं. शिक्षा तीस दिवस पुढे ढकल. वकिलाला नवा साक्षीदार सापडलाय.”

“माफी माझ्या हातात नाहीच. ती माफी मंडळाने नाकारली. तीस दिवसांची स्थगिती तेवढी आहे.”

“मग दे ना! की खुर्ची नुसती फोटोपुरती?”

“फोटोपुरतीच असते, मावशी,” दारातून गव्हर्नरांचा सचिव होलिस म्हणाला. “एका दिवसाच्या पाहुण्याने हिच्यावर बसून कधी सही केलेली नाही.”

“कायद्यात तसं आहे?” ओडेसाबाईंनी विचारलं.

“कायद्यात नाही. रीत आहे.”

“माझीही एक रीत आहे, बाळा.”

त्या उठल्या आणि गालिच्यावर गुडघे टेकले. देवाला विचारल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, हा त्यांचा नेम. व्हर्लीनही शेजारी टेकली. होलिस खिशातून फोन काढत बाहेर गेला.

ओडेसाबाईंनी देवाला कधी घाई केली नव्हती. आजही केली नाही. मग खुर्चीचा हात धरून उठल्या आणि टेबलावरच्या स्थगितीच्या कागदावर सही केली.

दार उघडलं.

“साहेबांचं विमान हद्दीत आलं. तुम्ही प्रार्थनेत होतात तेव्हाच.” होलिसची नजर कागदावर गेली. “सही कधीची, बाई? तुम्ही सांगाल तेच लिहीन. तुम्ही खोटं बोलत नाही, हे अख्ख्या राज्याला ठाऊक आहे.”

व्हर्लीन अजून गुडघ्यांवरच होती. तिने वर पाहिलं नाही.

“प्रार्थनेआधीची,” ओडेसाबाई म्हणाल्या.

होलिसने तीच वेळ कागदावर लिहिली आणि तो उचलून तुरुंगाला फोन लावायला गेला.

दोघी खाली उतरल्या तेव्हा ताटं वाढून झाली होती. पाद्री हसत म्हणाले, “गव्हर्नरबाई, अन्नावरची प्रार्थना आज तुमची. त्याशिवाय घास नाही!”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. ओडेसाबाईंनी हात जोडले आणि सोडले.

“आज व्हर्लीन म्हणेल,” त्या म्हणाल्या.