दीड वाजेपर्यंत

तिने हेडफोन आधी स्वतःच्या कानांना लावून पाहिला, मग आजोबांच्या डोक्यावर अलगद बसवला.

"आवाज कितीही बारीक असो, आला की हे बटण दाबायचं."

"मला ऐकू येतं सगळं," आजोबा म्हणाले. "सुनेचं सांगणं लांबतं, म्हणून मी मध्येच उठतो, एवढंच."

दाराशी उभ्या असलेल्या सुनेने कपाळाला हात लावला.

श्रवणचाचणीच्या या दवाखान्यात तिचा आज तिसरा दिवस. तीन दिवस काम करून दाखवा, मग बघू, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. मुलगी झाल्यापासून सात वर्षं तिने या यंत्राला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी बोटं चाचपडली. आज ती न बघताच खुंट्या फिरवत होती.

आजोबा भराभर बटण दाबत होते. जरा जास्तच भराभर. तिने आवाज पाठवणं थांबवलं आणि वाट पाहिली. आजोबांनी चार सेकंदांनी बटण दाबलं. पुन्हा चार सेकंदांनी.

आजोबा बसले होते त्या आवाजबंद खोलीत ती गेली, दार ओढून घेतलं आणि त्यांच्यासमोर वाकली.

"आजोबा, मघाशी मी आवाज पाठवलाच नव्हता."

त्यांनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं.

"सुनेला सांगू नका."

"नाही सांगत. पण आता खरं खरं करू."

दुसऱ्या खेपेचा आलेख उतरणीला लागलेल्या रस्त्यासारखा निघाला. डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले.

"उद्यापासून या. दहा ते सहा."

याआधी तीन ठिकाणी गाडं याच वाक्याशी अडलं होतं. तिने पर्सचा पट्टा घट्ट धरला.

"मला साडेआठ ते दीड जमेल. मुलगी पावणेदोनला शाळेतून सुटते, आणि तिचे बाबा संध्याकाळी येतात."

"मग दुपारी कोण बसणार?"

"वयस्कर माणसं जेवणानंतर बटणावरच डुलक्या घेतात. चाचण्या सगळ्या सकाळी लावा. दुपार कानातली यंत्रं बसवायला ठेवा, ती तशीही तुम्हीच बसवता."

डॉक्टरबाईंनी भेटींची वही ओढली, दोन-तीन पानं उलटली.

"हे सगळं ठरवूनच आलात?"

"तीन नकार घेऊन आलेय. तेवढ्यानंतर सुचतं माणसाला."

डॉक्टरबाई हसल्या. "बरं. साडेआठला म्हणजे साडेआठला."

शाळेच्या फाटकापाशी ती वेळेच्या आधीच पोचली. गेले दोन दिवस समोरच्या दारातल्या काकूंनी मुलीला आणलं होतं. काकू घरी शिवणकाम करत.

मुलगी बाहेर आली, आईला पाहिलं, आणि तिच्या मागे कोणी आहे का ते बघितलं.

"काकू कुठायत?"

"मी आलेय ना. आता रोज मीच येणार."

"रोज?"

"रोज."

मुलगी एक खडा पायाने ढकलत बरंच अंतर चालली.

"मग काकूंकडे शिवतेय त्या पिशवीचं काय? अर्धी शिवून झालीय. बंद लावायचे राहिलेत."

"संध्याकाळी जा की."

"संध्याकाळी काकूंना सुईचं नेढं दिसत नाही."

जिना चढून मुलगी थेट समोरच्या दाराशी गेली.

"अगं, जेवण?"

"काकूंकडे."

"त्यांना विचारलंस?"

"त्यांनीच विचारलं."

काकू दारात आल्या. "मंगळवारी-गुरुवारी माझ्याकडे कोणी फिरकत नाही. शाळेतून मीच आणत जाईन तिला. मलाही सुई ओवून मिळते."

"तुम्हाला त्रास नको."

"त्रास कसला? पोरीचा हात सरळ चालतो." आणि त्यांनी दार लोटलं.

घरात येऊन तिने स्वतःला वाढून घेतलं आणि खुर्ची ओढली. एरवी ती ओट्याशी उभ्याउभ्याच जेवायची. दोन घास झाले. मग तिने डाव्या हाताने फोन लावला.

"डॉक्टरबाई, मंगळवारी आणि गुरुवारी मला चारपर्यंत थांबता येईल."

"अहो, आत्ता तर दीडसाठी अडून बसला होतात. मुलीचं काय?"

तिने आपल्या उघड्या दारातून काकूंच्या बंद दाराकडे पाहिलं.

"तिला काम असतं," ती म्हणाली.