सनद येण्याआधी

दत्तात्रेय लिमये १९३१ साली कायद्याची परीक्षा पास होऊन मुंबईहून रत्नागिरीला परतला आणि परशुरामपंत वकिलांकडे उमेदवारी करू लागला. वकिलीच्या सनदेसाठी केलेला त्याचा अर्ज एक दाखला कमी म्हणून परत आला होता, तो त्याने पुन्हा धाडला. सनद हातात पडेपर्यंत कोर्टात उभं राहायची मुभा नव्हती. दावे लिहायचे, साक्षीदारांना तयार करायचं आणि पंतांच्या मागे बाकावर बसायचं, एवढंच त्याचं काम.

पालीची मथुरा पंतांची पक्षकार. तिच्या घरून विहिरीकडे उतरणारी जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी शेजाऱ्याने काट्या टाकून बंद केली होती. नवरा मुंबईला गिरणीत; घर तिच्या नावावर, म्हणून दावा तिनेच लावला होता. वीस वर्षांची वहिवाट शाबीत झाली की वाट मोकळी होणार होती.

१९३२ मध्ये, सुनावणीच्या आदल्या दिवशी, पंतांना ताप भरला आणि घसा पार बसला. "उद्या जाऊन तारीख माग," ते कसंबसं बोलले. "त्यापलीकडे काही करू नकोस."

पण दोन तारखा आधीच घेऊन झाल्या होत्या, आणि सगळे कागद दत्तात्रेयाला तोंडपाठ होते. संध्याकाळी मथुरा येऊन उद्या कोण बोलणार म्हणून विचारू लागली, तेव्हा तो म्हणाला, "मी आहे ना." सनदेबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुकारा झाला. पंतांचा काळा कोट घालून तो उभा राहिला आणि तारीख मागायच्या ऐवजी थेट दाव्याबद्दल बोलू लागला. प्रतिवादीचे वकील मुरब्बी होते. "आमची हरकत नाही, रावसाहेब," ते म्हणाले आणि आरामात मागे रेलले. पोर नवखं आहे, हे त्यांनी ताडलं होतं.

मुन्सफांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमची सनद?"

हो म्हणून टाकावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. "अजून आलेली नाही," तो म्हणाला.

"मग तुम्हाला बोलता येणार नाही. तुमच्या हातून चूक झाली, तर या बाईंनी जाब कुणाला विचारायचा? बसा. वादी स्वतः बोलू शकते. तारीख मात्र आता मिळणार नाही."

दत्तात्रेय बाकावर येऊन बसला. मथुरा हलक्या आवाजात म्हणाली, "म्हंजे तुम्ही वकील नाय?"

"अजून नाही."

"मग काल का नाय सांगितलात?"

 ती पदर सारखा करून पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली.

"वीस वर्षं" एवढं तिच्याकडून त्याने घोकून घेतलं होतं. प्रतिवादीच्या वकिलांनी विचारलं, "बाई, वीस वर्षं कशावरून? वर्षं मोजता येतात तुम्हाला?"

"आकडं नाय येत," मथुरा म्हणाली. "पण मानमोडीची साथ आली तवा माजी थोरली सात वर्सांची व्हती. ती बाळंत्यात असताना तिला कडेवर घिऊन मी त्याच पाखाडीनं पाणी आणलंय. मदी एक दिस खंड नाय."

मानमोडीचं, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचं, १९१८ साल कोर्टात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मुन्सफांनी कागदाच्या कडेला वजाबाकी केली. वर्षं एकवीस भरली. दत्तात्रेयाच्या टिपणात ही साथ कुठेच नव्हती; मुलीचं वय त्याने कधी विचारलंच नव्हतं. वाडीतल्या तुळसा म्हातारीनेही साक्षीत तेच सांगितलं.

पंतांच्या घरी जाऊन त्याने त्यांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "कोट खुंटीला लाव." 

महिन्याने निकाल मथुरेच्या बाजूने लागला. बेलिफाने काट्या काढवल्या. त्यानंतर तीन आठवड्यांनी सनद आली.

मग एक दिवस पालीचा बाबल्या नावाचा माणूस आंब्याच्या कलमांचा तंटा घेऊन आला. पंतांनी त्याला दत्तात्रेयाकडे धाडलं. दत्तात्रेयाने वकीलपत्र पुढे ओढलं, दौतीत टाक बुडवला आणि थांबला.

"आधी एक सांगतो," तो म्हणाला. "मला सनद मिळून नऊ दिवस झालेत. याआधी मी एकही काम चालवलेलं नाही."

बाबल्याने मान हलवली. "मथुरेनं तेवढंच इचारून घ्यायला सांगितलं व्हतं," तो म्हणाला आणि अंगठा पुढे केला.