अडकलेली काळी चार

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. मिरजेत घडलेली, सागवानी आणि थोडी मानी. प्रल्हादकाकांनी मला स्वेटरांत गुंडाळून अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावी आणले. इथल्या एका चर्चच्या तळघरात मराठी ख्रिस्ती मंडळी रविवारी दुपारी भक्तीला जमते. काका मला वाजवत आणि त्यांच्या पत्नी, मालिनीकाकू, गात. काकू काळी चारमध्ये, म्हणजे माझ्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात, गात. काका आधी तो एकच सूर धरत, काकू डोळे मिटत, आणि प्रभू स्वतः आत आल्यासारखी सगळी मंडळी सावरून बसे. माझे कौतुक होई. मीही फुगायचे, भाता आहेच मला!

मग काका प्रभूघरी गेले. काकू मागच्या रांगेत गप्प बसू लागल्या. "येते गं मी, पण देव काही भेटत नाही," असे त्या गिरिजाला म्हणाल्या. गिरिजा इथे शिकायला आलेली, थोडीफार पेटी वाजवणारी. हळूहळू गाणी स्पीकरवर लागू लागली आणि मी कोपऱ्यात गेले. त्या हिवाळ्यात मला थंडी वाजेल म्हणून कोणीतरी गरम हवेच्या व्हेंटपाशी ठेवले. अति तिथे माती! माझे लाकूड सुकून वाकले.

ईस्टरला, प्रभू मरणातून उठल्याच्या सणाला, गिरिजाने हौसेने मला पुढे आणले. तिने भाता हलवला, काळी चार दाबली, आणि ती पट्टी वर येईचना. मी तो एकच सूर धरून बसले.

"ओ नो, अडकली! सॉरी, आपण ट्रॅकच लावू या," गिरिजा रडवेली झाली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"थांबू नकोस. भाता चालू ठेव," मागून आवाज आला.

काकू पुढे आल्या, माझ्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. पहिली ओळ गाताना आवाज कापला. दुसरीला मोकळा झाला. तिसऱ्या ओळीला सगळी मंडळी उभी राहिली. एरवी इंग्रजीतच बोलणारी पोरेही टाळ्या वाजवत मराठीत गाऊ लागली.

"प्रभू उठला आहे!" काकू गरजल्या.

"खरोखर उठला आहे!" तळघर दणाणले.

काकू रडत हसत होत्या. "हे गेले तेव्हा वाटलं, देवही गेला. अगं, तो इथेच होता!"

मित्रांनो, आता माझी पट्टी दुरुस्त झाली आहे. वाद्यांना जपा, त्यांना व्हेंटपाशी ठेवू नका. आणि तुमच्यातले कोणी गायचे थांबले असेल, तर आग्रह करू नका. त्याचा सूर तेवढा धरून ठेवा. गाणारा उठून येतो. मी पाहिले आहे.