न दिसणारे अनुस्वार

काकू चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासायची. नवरा जहाजावर इंजिन सांभाळायचा, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. घरात ती आणि नवऱ्याच्या पहिल्या लग्नाची मुलगी, दोघीच. मुलगी गुणी होती, पण तिला काकूच म्हणायची आणि जेवढ्यास तेवढं बोलायची. काकूही ओढूनताणून गळ्यात पडणाऱ्यांतली नव्हती. होईल हळूहळू, म्हणायची.

त्या वर्षी मुलगी कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. गणितात तिचा हात धरणारं कुणी नाही, पण वाक्यदुरुस्तीच्या प्रश्नांनी तिचं घोडं अडवलं होतं. प्रत्येक सराव परीक्षेत तिथेच मार खायची. एका रविवारी दुपारी तिने पुस्तक आपटलं.

"मला भाषाच येत नाही. दगड आहे मी!"

काकू कपड्यांच्या घड्या करत होती. हातातला टॉवेल तसाच ठेवून तिने पुस्तक उचललं. "मी वाचू का? तू नुसतं ऐक आणि सांग."

मुलीने खांदे उडवले.

"'दात घासता घासता आरसा फुटला.'"

"चूक. आरसा काय दात घासत होता?"

"मला तर बरोबर वाटलं बाई," काकू म्हणाली, आणि मुलगी चक्क हसली. मग काकू वाचत गेली, मुलगी फटाफट सांगत गेली. पानभर प्रश्नांत एकही चुकला नाही. ज्यांत ती आदल्या दिवशी नापास झाली होती, तेच प्रश्न!

काकूने पुस्तक तिच्यासमोर धरलं. "आता हे तू वाच बघू."

"'आम्ही पाहुण्याना पाणी दिल.'"

"दोन अनुस्वार आहेत त्यात. पाहुण्यांना. दिलं."

मुलीने पुस्तक नाकाशी नेलं, मान तिरकी केली, डोळे बारीक केले. ही मान काकूच्या ओळखीची होती. दुकानात येणारं प्रत्येक दुसरं माणूस अशीच मान करायचं. इतके दिवस एका टेबलावर जेवतोय आणि आपल्या लक्षात येऊ नये? काकूला स्वतःचाच राग आला.

"उद्या दुकानात ये. डोळे तपासून घेऊ."

"मला काही झालेलं नाही." मुलगी ताडकन उठली. "चष्मा लावून ध्यान दिसेन मी. तुम्ही नका पडू यात."

काकूला शब्द लागला, पण ती त्याला कुरवाळत बसली नाही. टॉवेलची घडी पुरी केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानाचं दार ढकलून मुलगी आली. काउंटरपाशी खालमानेनं उभी राहिली.

"काकू, फळ्यावरचंही दिसत नाही. कधीपासून ते आठवतही नाही. सगळ्यांना असंच दिसतं, असं वाटायचं."

नंबर निघाला, चांगलाच तिरका; जवळचं, लांबचं सगळंच पुसट करणारा. काचा काकूने स्वतः घासल्या, कडा दोनदा बोटाने तपासल्या, आणि चष्मा तिच्या कानांमागे अलगद बसवला. मुलगी काकूकडे बघत राहिली.

"तुमच्या भुवईखाली तीळ आहे!"

"जन्मापासून आहे गं."

"मला आज दिसला," मुलगी म्हणाली, आणि तिने चष्म्याखालून डोळे पुसले. काकूने काउंटरवरचं मऊ फडकं पुढे केलं. दोघींना हसू फुटलं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मुलगी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली. "वाचा ना."

"आता दिसतं की तुला!"

"दिसतं. तरी वाचा."

काकूने गॅस बारीक केला आणि स्टूल ओढून बसली.

निकाल लागला. मुलीचं नाव यादीत बरंच खाली होतं, पण होतं. बाबांचा फोन जहाजावरून आला. मधेमधे तुटत होता, म्हणून ती ओरडूनच बोलली, "बाबा, आम्हाला प्रवेश मिळाला!"

काकू मागून हळूच म्हणाली, "वाक्य चुकलं बरं का. प्रवेश तुला मिळालाय."

मुलीने फोनवर हात ठेवला. "काही चुकलेलं नाही. बाबा तुम्हाला बोलावतायत, घ्या."

काकूने ओले हात पदराला पुसले आणि फोन घेतला.