बारावी काच

फिलिपिन्सच्या सेबू शहरातल्या सात मजली कॉल सेंटरच्या जिन्याभोवती, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत, मी बारा आग अडवणाऱ्या काचा बसवल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का होता. आर्किटेक्ट मॅडमना तो डाग वाटला, म्हणून त्यांनी उद्घाटनाआधी सगळे शिक्के घासून काढायला लावले.

अग्निशमन खात्याच्या दिवीनाबाई तपासणीला आल्या आणि भडकल्याच. "शिक्का नाही? मग माझ्या लेखी ही साधी खिडकीची काच!"

माझ्या कामाला साधं म्हणते! माझ्या तोंडाला कुठला आलाय लगाम? "लायटर धरून बघा! जाड काचेत ज्योतीची दोन प्रतिबिंबं लांब लांब दिसतात, साध्या काचेत चिकटून."

"आग तपासायला आगच लावायची का, नोंग तेओ?" मला 'नोंग', म्हणजे दादा, म्हणत हसतच त्यांनी माझा लायटर घेतला.

पहिली, दुसरी, पाचवी. सगळीकडे ज्योतींमध्ये बोटभर अंतर. आणि मग मला बारावी आठवली. बारावी काच गेल्या आठवड्यात फुटली होती, आणि नवी येईपर्यंत तिथे साधी काच मीच ठोकली होती. शिक्के घासले गेले तेव्हा सुटलो म्हणून मी मनातल्या मनात मॅडमचे पाय धरले होते.

अकरावीपाशी बाई थांबल्या. "पुरे. तुमच्या हातचं काम आहे, त्यात काय बघायचं?" त्यांनी सहीसाठी पेन काढलं.

तो विश्वासच माझ्या जिव्हारी लागला. मी लायटर हिसकावून घेतला आणि बारावीसमोर पेटवला.

"बघा! हेही माझ्याच हातचं आहे!"

काचेत दोन ज्योती एकमेकींना चिकटून जळत होत्या.